सव्वीस जानेवारीआधीची कटिंग

यंदा फाल्गुनात लोअर परळला धायटी फुलली. एवढं एक वाक्य लिहिलं आणि मी पेन ठेवून घरात एक फेरी मारून आलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झाला? प्रेशर वाढला की काय?" वाढलं असेल. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एका झुडपापायी इतकं भरून यावं, हे मलाही जरा चमत्कारिक वाटतं. पण दिवाळी अंकासाठी 'बागकामातले अनुभव लिहा' असं सांगणं आलं, तेव्हा मनात पहिली आली ती धायटी. दुसरी आली ती जाधव मॅडमची खिडकी. त्या दोन्ही गोष्टी खऱ्याखऱ्या सांगितल्याशिवाय बाकीचं काही लिहिण्यात अर्थ नाही.

ज्यांनी धायटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सह्याद्रीच्या उतारांवर, मुरमात, दगडांच्या फटीत आपणहून वाढणारं हे झुडूप. माणसापेक्षा थोडं उंच होतं, फांद्या बाहेरच्या अंगाला कमानीसारख्या वाकतात. थंडी सरत आली की पानं विरळ होतात आणि फांदीला अगदी चिकटून लालभडक फुलांचे गुच्छ लागतात. एकेक फूल म्हणजे बोटाच्या पेराएवढी नळी, आणि नळीच्या तळाशी मध. काष्ठौषधीवाल्यांकडे ही फुलं सुकवलेली मिळतात, आसवं-अरिष्टं करायला लागतात. पण दादरच्या नर्सऱ्यांत धायटीचं रोप मागून बघा. "जंगली आहे, साहेब. त्यापेक्षा हे बघा, थायलंडचं आहे," असं म्हणून तुमच्या हातात भलतंच काहीतरी देतील.

मी जन्मभर मुंबईतल्या बागा राखल्या. आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग स्वतःची चार-पाच माणसं घेऊन. सगळे मला सावंत मुकादम म्हणत. गिरगावातल्या गॅलऱ्या, दादर-परळच्या सोसायट्या, मग गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले तेव्हा त्यांचे पोडियम, म्हणजे पार्किंगवरच्या गच्च्या. या धंद्यात शेवटी शेवटी एक नवीन शब्द आला: निसर्गस्नेही बाग. म्हणजे पाखरं, फुलपाखरं यांना जगता येईल अशी बाग. मागणी करणारे खूप. पण त्यांना नक्की काय हवं असतं, ते ऐकण्यासारखं असतं.

फणसवाडीत एक बाई होत्या. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक, उन्हाची गॅलरी. त्यांना फुलपाखरं हवी होती. मी कढीपत्ता, लिंबू आणि मधासाठी दोन-तीन फुलझाडं लावून दिली. थोड्याच दिवसांत फोन आला.

"सावंत, ताबडतोब औषध घेऊन या! कढीपत्त्यावर जाड जाड हिरव्या अळ्या पडल्यात."

"बाई, तीच तुमची फुलपाखरं."

"ही?"

"हीच. पंख नंतर येतात."

मग म्हणाल्या, "त्यांना बाहेर कुठेतरी मोठं होऊन आमच्याकडे यायला नाही का जमणार?"

शेवटी तडजोड झाली. एक कढीपत्ता अळ्यांचा, एक बाईंच्या आमटीचा. पुढे कपड्यांच्या दोरीवरच्या चिमट्याला एका अळीने कोष केला, तर बाईंनी तो चिमटाच काय, अख्खी दोरी वापरायची बंद केली. यजमानांच्या बनियनी कित्येक दिवस आतल्या खोलीत पंख्याखाली वाळत होत्या.

प्रभादेवीच्या एका टॉवरमध्ये एक साहेब भेटले. त्यांना पहाटेच्या चालण्याच्या वेळी पक्ष्यांचा आवाज हवा होता. "पण गाड्यांच्या बाजूला बसणार नाहीत, असे पक्षी येणारं काही लावता येईल?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. मीही गंभीरपणे म्हणालो, "झाड लावतो, साहेब. पाखरांशी तुम्ही बोलून घ्या."

असे किस्से मी खूप वर्षं रंगवून सांगत आलो. लोकांना पाखरं हवीत पण पाखरांचा पसारा नको, असं म्हणून हसत आलो. त्यातला सर्वांत मोठा किस्सा मात्र माझा स्वतःचा आहे, आणि तो मी कुणाला सांगत नव्हतो.

आता त्या कटिंगविषयी. मुंबईत कुठल्याही सोसायटीत जानेवारीचे मधले दिवस बघा. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाआधी बागेला कात्री लागते. मेंदीची कुंपणं चौकोनी, फायकसचे गोळे, खोडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे, विटांना रंग. कंपाउंड नव्या नवऱ्यासारखं दिसलं पाहिजे. या कामात माझं नाव होतं. 'सावंतची कटिंग' म्हणत लोक. गवंड्याची पातळी लावून बघावं, कुंपणाचा माथा एका रेषेत. दोन हातांची लांब कात्री माझी स्वतःची असे आणि मी ती दुसऱ्याच्या हातात देत नसे. तिची कचकच ऐकू आली की लोक खिडकीत यायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

लोअर परळची ती सोसायटी गिरणीच्या जागेवरची. मूळचे चाळीतले लोक वर इमारतीत गेलेले. जाधव मॅडम पहिल्या मजल्यावर राहतात, बँकेत अधिकारी होत्या. त्यांचे वडील गिरणीत होते. आई मंडणगडकडच्या. सगळी बिल्डिंग या आईंना जाधवआई म्हणते. मॅडमना कंपाउंडच्या एका कोपऱ्यात पाखरांसाठी जागा करायची होती. एका पावसाळ्यात त्या आईच्या गावी गेल्या आणि येताना मातीच्या गोळ्यासकट धायटीचं रोप घेऊन आल्या. आईच्या खिडकीखालीच ते लावायचं होतं.

मी म्हणालो, "मॅडम, इथे खाली सगळा गिरणीचा डबर आहे. विटा, चुना, दगड. इथे काय येणार?"

वरून खिडकीतून आई म्हणाल्या, "मुकादम, तिला दगडच लागतात. लाव तू."

लावली. आणि धायटी तरारून वर आली. शेजारी मॅडमनी मातीचं पसरट भांडं ठेवलं, पाखरांना पाणी प्यायला. थोडं गवत मुद्दाम वाढू दिलं. चष्मेवाला नावाचं ते डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेलं हिरवट पाखरू यायला लागलं. आई खिडकीत बसून असत. लहानपणी डोंगरावर गुरांमागे गेल्यावर धायटीची फुलं तोडून त्यातला मध कसा चोखायचो, ते ऐकवायच्या. "एकदा फुलू दे, मग तुला पण देते," म्हणायच्या मला.

पण धायटी फुलेना. पानं भरपूर, फांद्या लांबसडक, फूल एक नाही. पहिल्या वर्षी वाटलं, लहान आहे. मग वाटलं, माती बदलली म्हणून रुसली. असे तीन-चार वसंत गेले. दर जानेवारीत मी कुंपणाबरोबर तिलाही व्यवस्थित गोल करायचो. वाकड्यातिकड्या वाढलेल्या त्या कमानी माझ्या रेषेत बसत नव्हत्या.

मग एका वर्षी झाडलोट करणाऱ्या बाई आल्या नाहीत, म्हणून कटिंगचा कचरा मीच भरायला बसलो. धायटीच्या कापलेल्या फांद्या गोळा करताना हाताला काहीतरी खरखरलं. चष्मा लावून बघितलं. प्रत्येक फांदीवर, पानांच्या बगलेत, ज्वारीच्या दाण्याएवढ्या लालसर कळ्यांच्या ओळी. शेकड्यांनी. मी तसाच उकिडवा बसून राहिलो. धायटी जुन्या फांदीवर फुलते. कळ्या ऐन थंडीत धरते. आणि मी दर वर्षी ऐन थंडीत, झेंडावंदनाच्या आधी, तिचा अख्खा वसंत कापून गोणीत भरत होतो. फुलून गेल्यावर छाटली असती तर पुढच्या हंगामाला नवीन फांद्या जून व्हायला अख्खं वर्ष मिळालं असतं. माळ्याच्या धंद्यातली ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे. मोगऱ्याच्या बाबतीत मी ती कुणालाही झोपेत सांगितली असती. पण धायटीकडे मी कधी फुलझाड म्हणून बघितलंच नव्हतं, कुंपण म्हणून बघत होतो.

ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गोणीचं तोंड बांधलं.

थोड्या दिवसांनी सोसायटीची सभा झाली. दुचाक्या लावायला जागा कमी पडत होती आणि सगळ्यांचा डोळा त्या कोपऱ्यावर होता. मॅडम एकट्या विरोधात. "धायटी एकदा फुलली की तुम्हीच कोपरा ठेवा म्हणाल," असं त्या सांगत होत्या. सेक्रेटरी परब माझ्याकडे वळले. "सावंत, तुम्ही जाणकार. ही फुलणार आहे का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं बोललो असतो तर सावंतच्या कटिंगनेच झाड वांझ ठेवलं, हे सगळ्यांसमोर आलं असतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हिला मुंबईची खारी हवा मानवत नाही. आणि मॅडम हौसेने पाणीही जरा जास्तच घालतात."

मागून शिंदे नावाचे एक गृहस्थ ओरडले, "अरे, सर्दी झाली असेल तिला!" सभा हसली. मॅडम खाली बसल्या. कोपरा गेला.

झाड उपटायचं कामही माझ्याकडेच आलं. फेकायला हात धजला नाही. मुळांसकट काढून लालबागला आमच्या चाळीच्या गच्चीवर नेली. एक निळं पिंप अर्धं कापून त्यात विटांचे तुकडे, मुरूम आणि थोडी माती भरली, तिला लावली आणि कात्री लावली नाही. एक वर्ष ती नुसती बसून राहिली. त्यानंतरच्या फाल्गुनात अशी फुलली की मी गच्चीच्या दारात उभाच राहिलो. अख्खं पिंप पेटल्यासारखं. त्यावर शिंजीर आला, ते बोटाएवढं, वाकड्या चोचीचं, उन्हात चमकणारं पाखरू. खालच्या मजल्यावरची पोरं "हमिंगबर्ड, हमिंगबर्ड" करत वर धावली. हमिंगबर्ड आपल्याकडे नसतो, हा आपला शिंजीर, हे मी त्यांना मोठ्या थाटात सांगितलं. माझ्याएवढा खूश माणूस त्या दिवशी लालबागमध्ये दुसरा नसेल. आणि जिना उतरताना जाधवआईंची खिडकी आठवली.

बायकोला सगळं ठाऊक होतं. ती दर वसंतात म्हणायची, "झाड हय फुलता आणि तोंड तुमचा सुकता. सांगान टाका एकदाचा. ती काय तुमका खातली काय?"

मी बाकीची कामं हळूहळू सोडली, ती सोसायटी मात्र सोडली नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. दर फेरीला जाधवआई खिडकीतून हाक मारायच्या, "मुकादम, माझी धायटी कुठं गेली रे?" आणि मी खालून म्हणायचो, "येईल, आई, येईल." मॅडम माझ्याशी कामापुरतं बोलायच्या.

गेल्या डिसेंबरात मी त्या खिडकीखाली मेंदी कापत होतो. वरून हाक आली, "मुकादम, धायटी आली का?" मी वर पाहिलं. आई खिडकीतच होत्या, पण त्यांचं तोंड भलतीकडे, गेटच्या दिशेला होतं.

"आई, मी इकडे आहे."

"होय का? आता दिसत नाही रे काही. कात्रीचा आवाज आला म्हणून विचारलं."

मी कात्री मिटली आणि जिना चढलो.

दार मॅडमनी उघडलं. "काका? पाणी हवंय?"

"नको. एक सांगायचंय." आणि दारातच उभं राहून सांगितलं. कळ्या, गोणी, सभा, पिंप, सगळं.

दार धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ती जिवंत आहे?"

"आहे. फुलते दर वर्षी."

"दर वर्षी फुलते. आणि तुम्ही आईला खालून 'येईल, येईल' म्हणत होतात." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "काका, मला वाटलं माझ्या हातालाच झाडं लागत नाहीत. त्या सभेनंतर मी या घरात एक कुंडी आणलेली नाही. बघा."

मी बघितलं. आईंची खिडकी सोडली तर कुठेही हिरवं काही दिसत नव्हतं, आणि तिथे दिसत होती ती माझीच चौकोनी मेंदी.

आतून आई म्हणाल्या, "कोण गं?"

"मुकादम आलेत, आई."

मी विचारलं, "मी आता काय करू, सांगा."

"सगळ्यांसमोर बोलला होतात ना? मग सगळ्यांसमोरच सांगा. आणि ती कात्री माझ्याकडे देऊन जा."

"मॅडम, सव्वीस जानेवारी तोंडावर आली. कटिंग..."

"म्हणूनच."

दिली. ती हातातून सोडताना कसं वाटलं, ते फक्त हत्यारावर पोट असलेल्या माणसालाच कळेल.

जानेवारीत परबांचे फोनवर फोन. "सावंत, अहो काय हे? झेंडावंदनाला लोक येणार आणि कंपाउंडचं जंगल झालंय! पाहुण्यांना काय दाखवू?" मी म्हणालो, "त्या दिवशी सकाळी मीच सांगतो पाहुण्यांना." फांद्या सुटलेल्या मेंदीच्या कुंपणामागून मुलं लेझीम खेळत आली, तिरंगी पताका सगळीकडे बांधलेल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा न कापलेल्या बागेत इस्त्रीचा शर्ट घालून उभा.

झेंडावंदन झालं. परबांनी 'दोन शब्द' म्हणून माझ्याकडे बोट केलं. मी आधीच टेम्पोतून पिंप आणून गेटजवळ गोणपाटाखाली ठेवलं होतं. गोणपाट काढला. एक फांदी हातात धरून लोकांना जवळ बोलावलं, कळ्या दाखवल्या आणि म्हणालो, "ही जाधव मॅडमची धायटी. हिला हवा मानवत होती, पाणीही बरोबर होतं. हिच्या कळ्या दर वर्षी मी कापत होतो. हे मला त्या सभेच्या आधी कळलं होतं, आणि तरी मी मॅडमवर ढकललं."

मग मागून शिंदेच बोलले, "म्हणजे सर्दी तुम्हीच दिलीत होय तिला!"

"मीच."

कुणीतरी हसलं, कुणी हसलं नाही. एक-दोघांनी नंतर माझ्याशी बोलणं टाळलं, त्यांचं काही चुकलं नाही. परब म्हणाले, "ठीक आहे, पण दुचाक्यांचं काय?" तेव्हा शिंद्यांनी आपली स्कूटर कोपऱ्यातून काढली आणि भिंतीला लावली. मग आणखी एकाने काढली. पिंपाचा तळ मी कापून टाकला, म्हणजे मुळं खाली त्याच डबरात उतरतील, आणि झाडाला धक्का न लावता ते खिडकीखाली बसवलं. मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्या जाऊन घरातून ते मातीचं पसरट भांडं घेऊन आल्या. जपून ठेवलेलं होतं.

आणि फाल्गुनात त्यांचा फोन आला. "काका, लगेच या! आई ओरडतेय नुसती!"

मी टॅक्सी केली. लालबागहून लोअर परळला टॅक्सी करणारा मी नव्हे, पण केली. कंपाउंडमध्ये शिरलो तर समोर तो लाल ढीग, शिंजिराची जोडी वरखाली करतेय, चष्मेवाल्यांची अख्खी टोळी उतरलेली, मधमाश्यांचा आवाज गेटपर्यंत, आणि परब मोबाइलवर शूटिंग घेत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, "आमच्या सोसायटीतलीच आहे!" मी त्यांच्या हातातला फोन नीट धरून दिला.

एक फुललेली डहाळी हाताने मोडून वर नेली. आईंच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, एक नळी बरोबर देठातून खुडली आणि चोखली. मग दुसरी चोखली. "हीच," म्हणाल्या. तिसरी माझ्या हातावर ठेवली. "घे. देते म्हटलं होतं."

मी चोखली. थेंबभर गोड.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आई, रंग असा लाल आहे, की..."

"रंग मला ठाऊक हाय. तुला दिसला का, ते सांग."

"दिसला, आई."

तीन-चार वर्षं आधी बोललो असतो तर त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली असती. हे भरून येणारं नाही, आणि कुणी 'जाऊ द्या, सावंत' म्हटलं तरी मी जाऊ देणार नाही. पण त्या दिवशी त्या घरातून बाहेर पडताना दाराशी मला एक कुंडी दिसली. तुळस नव्हे, गुलाब नव्हे. धायटीच्याच एका फांदीचा तुकडा ओल्या वाळूत खोचलेला. तो जगेल की नाही, सांगता येत नाही, धायटीच्या फांदीला मुळं जरा हट्टानेच फुटतात. मी मॅडमना काही सल्ला दिला नाही. पाणी किती घालायचं, ते त्यांना माहीत आहे.

चैत्र उलटला, फुलं झडली. आता छाटायची वेळ झाली, खरी वेळ. मॅडमनी फोन करून बोलावलं. कात्री त्यांनी तेलाचा हात फिरवून, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. हातात घेतल्यावर मला एकदम वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. खाली आलो, झाडाभोवती फिरलो, कुठली फांदी काढायची, कुठली ठेवायची, मनात ठरवलं, पहिली कमान डाव्या हाताने उचलली आणि थांबलो.

फांदीच्या टोकाला शिंजिराचं घरटं लोंबत होतं. मुठीएवढी पिशवी, कोळ्याच्या जाळ्याने शिवलेली, सालीचे तुकडे लावलेली, आणि तिच्या शेपटाला झेंडावंदनाच्या पताकेचा केशरी कागद. आतून चोच बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली.

मी चवड्यांवर मागे सरकलो. जिना चढलो. मॅडमनी दार उघडलं, माझ्या हातातली कात्री बघितली आणि विचारलं, "झालं इतक्यात?"

"नाही," मी म्हणालो. "परत ठेवा तुमच्याकडे. आत बाळंतीण आहे."